कडी लागणारी खोली

श्रावण निम्मा सरला की राजापूर तालुक्याच्या किनाऱ्यावरच्या घरांत माळ्यावरच्या गाद्या खाली येऊ लागतात. पावसाने तासभर उघडीप दिली, तरी खळ्यात, गडग्यावर, पडवीच्या कठड्यावर, जिथे जागा मिळेल तिथे त्या पसरल्या जातात. आभाळ भरून आलं की घरातली सगळी माणसं हातातलं काम टाकून त्या आत ओढतात. गणपतीला कोण कोण येणार, कुणाची रेल्वेची तिकिटं झाली, कोण गाडी घेऊन येणार, कोण सात दिवस राहणार आणि कोण गौरीनंतर लगेच निघणार, याचे फोन तोवर सुरू झालेले असतात. चुन्याचा हात, सारवण, दिव्यांच्या माळा, माटवीची तयारी ही सगळी कामं डोळ्यांत भरतात. ज्या कामावर पाहुण्यांची झोप अवलंबून असते, ते मात्र हे गाद्यांचं.

याच किनाऱ्यावर नाटे हे जैतापूर खाडीच्या मुखाजवळचं गाव. खाडीकाठी जांभ्या दगडाचा यशवंतगड, पुढे मुसाकाजी बंदर, समुद्राच्या अंगाला आंबोळगड आणि शेजारी साखरी नाट्याची मच्छीमार वस्ती. खाडीपलीकडे जैतापूर आणि माडबन. बाहेरच्या जगाला हा भाग बऱ्याच वर्षांपासून माहीत झाला तो अणुऊर्जा प्रकल्पाच्या बातम्यांमुळे. गावाचं रोजचं जगणं मात्र भात, आंबा, मासळी आणि मुंबईहून येणारी माणसं यांच्याभोवती फिरत आलं आहे. गणपती, शिमगा आणि मे महिना या तीन वेळांना घरं भरतात. साखरी नाट्यातल्या मुस्लिम घरांत ईदला तीच लगबग असते. अलीकडे त्यात आणखी एका हंगामाची भर पडली आहे. दिवाळीची सुट्टी लागली की नाताळपर्यंत किनाऱ्याने गाड्या फिरू लागतात आणि त्यातली माणसं कुणाच्या नात्यातली नसतात. ती पैसे देऊन राहतात. त्यांच्यासाठी घरात एक खोली लागते.

आणि खोली हीच तर या घरांत नव्हती.

जुन्या कोकणी घराची मांडणी डोळ्यांसमोर आणावी. खळ्यातून पायऱ्या चढून पडवी, तिच्या आत ओटी, ओटीच्या आत माजघर, एका अंगाला देवघर, मागे स्वयंपाकघर, मागची पडवी, न्हाणी आणि वर माळा. बाळंतिणीला वेगळी खोली असे, धान्याला असे, देवाला असे. पाहुण्याला मात्र ओटी असे. पुरुष पाहुणा ओटीवर, बाई आणि मुलं माजघरात. दाराची कडी लावून आत झोपणारा पाहुणा ही कल्पनाच कुणाला सुचली नसती. ओटीवर झोपणाऱ्याला वारा मिळे, येणारा-जाणारा दिसे, पहाटे चुलीवरच्या चहाचा वास तिथवर येई. उशिरापर्यंत गप्पा चालत आणि ज्याला झोप येई तो तिथेच कुशीवर वळे.

त्या काळात मुंबईहून निघालेल्या बोटी किनाऱ्याने एकेक बंदर घेत दक्षिणेकडे जात. जैतापूर-मुसाकाजीचे उतारू बोटीतून होडीत आणि होडीतून धक्क्यावर येत. अंगावर खारा वारा, हातात ट्रंक, डोक्यावर वळकटी. अशा माणसाला घरी पोचल्यावर पहिल्यांदा लागे ते गरम पाणी, मग पेज-भात आणि मग पाठ टेकायला जागा. घर तेवढं देई आणि तेवढं पुरेही.

कोकणी माणसाची जागेबद्दलची ही समजूत मुंबईनेही पक्की केली. गिरणगावात गावकऱ्यांच्या खोल्या असत. एका गावाचे किंवा एका भावकीचे पुरुष मिळून एक खोली चालवत, पाळ्यांनी कामाला जात आणि पाळ्यांनी झोपत. प्रत्येकाच्या वाट्याला एक खुंटी आणि ट्रंकेपुरती जागा. जेवण खानावळीत. अशा खानावळी चालवून गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांनाच प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. गावाहून नवा मुलगा नोकरीच्या शोधात आला की त्याची वळकटी त्याच खोलीत पसरली जाई आणि आधीचे सगळे वीतभर सरकत. वर्षभर असा राहिलेला चाकरमानी गणपतीला घरी आला की वीस-पंचवीस माणसांच्या रांगेत ओटीवर झोपणं त्याला अडचणीचं वाटत नसे.

अडचण वाटली ती त्याच्या मुलांना आणि सुनांना. १९८२च्या गिरणी संपानंतर गिरणगाव विस्कटलं. पुढची पिढी डोंबिवली, विरार, नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये वाढली. तिथे जागा लहान असली तरी दार लावून घेता येतं. नव्या सुनेला सासरच्या पहिल्या गणपतीत कपडे बदलायला कोपरा सापडत नाही, तान्ह्या बाळाला पाजायला जागा नसते, गुडघे दुखणाऱ्या काकूंना मागच्या पडवीतल्या संडासापर्यंत रात्री जाववत नाही. या तक्रारी कुणी मोठ्याने केल्या नाहीत. गावी येण्याचे दिवस मात्र सातावरून पाचावर आणि पाचावरून दीडावर येत गेले. पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या आधी अनेक घरांनी पडवी बंदिस्त करून किंवा माळा दुरुस्त करून एखादी खोली बांधली ती आपल्याच माणसांसाठी. पैसे देणारा पाहुणा नंतर आला.

तो आला कसा, तेही पाहायला हवं. शेजारच्या सिंधुदुर्गाला १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित केलं गेलं. १९९८ मध्ये कोकण रेल्वे सलग धावू लागली. राजापूर रोडला उतरून किनाऱ्यापर्यंत पुढचा बराच रस्ता गाडीनेच करावा लागतो, तरी मुंबई एका रात्रीवर आली. राज्याच्या पर्यटन महामंडळाने निवास-न्याहारी योजना आणली आणि राहत्या घरातल्या खोल्या पर्यटकांना देण्याला एक अधिकृत चौकट मिळाली.

याच रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात वेळास आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं संरक्षण सुरू केलं आणि काही वर्षांत कासव महोत्सव उभा राहिला. पिल्लं समुद्रात जाताना पाहायला शेकडो माणसं येऊ लागली, पण गावात हॉटेल नव्हतं. मग गावकऱ्यांनी आपली घरंच उघडली. माजघरात, ओटीवर गाद्या घातल्या, घरचं जेवण वाढलं. तिथे कुणी सजावटकार आणला नव्हता. शहरातली माणसं जमिनीवर घातलेल्या गादीवर झोपून, केळीच्या पानावर जेवून आनंदाने परत गेली आणि पुढच्या वर्षी मित्रांना घेऊन आली. साधेपणाला किंमत मिळते, हा धडा वेळासने सगळ्या किनाऱ्याला दिला. मात्र त्याचा अर्थ काही ठिकाणी चुकीचा घेतला गेला. पाहुण्याला काहीही चालतं, असं तिथे कुणी म्हटलेलं नव्हतं. अंथरूण कोरडं होतं, जेवण ताजं होतं आणि घरातलं माणूस समोर होतं.

नाटे परिसरात येणाऱ्याला पाहण्यासारखं भरपूर आहे. यशवंतगड आहे, आंबोळगडाचा आणि गोडिवण्याचा किनारा आहे. उत्तरेला आडिवऱ्याची महाकाली आणि कशेळीचं कनकादित्याचं मंदिर आहे. शिवाय कातळशिल्पं. कशेळी, बारसू, देवीहसोळ, रुंढेतळी, देवाचे गोठणे ही सड्यावरची ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. कशेळीच्या सड्यावरचा कोरीव हत्ती पाहायला सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हातच जावं लागतं, नाहीतर रेषा नीट उठून दिसत नाहीत. म्हणजे पाहुण्याने इथे रात्र काढणं आलंच. सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्याला हा प्रदेश कळत नाही.

मग खोली कशी असावी? या प्रश्नाचं पहिलं उत्तर या किनाऱ्यावर ओल ठरवते. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळपास सगळा चार महिन्यांत पडतो. हवेत मीठ असतं. जून ते सप्टेंबर बंद राहिलेल्या खोलीत कपाटाच्या मागच्या फळीला पांढरी बुरशी धरते, उशीला कुबट वास येतो, दाराच्या लोखंडी बिजागऱ्या गंजून कुरकुरतात. दिवाळीत पहिल्या पाहुण्याला दार उघडून दिलं की त्याच्या नाकाला आधी हा वास लागतो. मग पलंगावर कितीही सुंदर चादर घातलेली असो.

यात भिंतीचा मोठा वाटा आहे. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो. तो पाणी घेतो आणि वारा लागला की सोडतो. जुन्या घरांत त्यावर मातीचा किंवा चुन्याचा हात असे आणि तोही भिंतीला कोंडून धरत नसे. पाहुण्यांसाठी खोली ‘चकचकीत’ करायची म्हणून त्याच भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट चढवला की आतली ओल आतच राहते. दोन पावसाळ्यांत रंगाला फोड येतात, तळाशी लोणा फुटतो आणि पुढच्या गणपतीला पुन्हा रंगाचा खर्च. खाऱ्या वाळूचं बांधकाम असेल तर हे आणखी लवकर होतं. भिंतीला कागद चिकटवण्याची हौस तर इथे करूच नये. चिरा सुबक असेल तर आतली एक भिंत उघडी ठेवावी, सांधे नीट भरून घ्यावेत आणि उरलेल्या भिंतींना चुना द्यावा. जांभ्याचा तांबूस रंग आणि चुन्याचा पांढरा यांच्याइतकी देखणी जोडी शहरातल्या रंगाच्या दुकानातल्या पुस्तकात शोधूनही सापडणार नाही. खर्चही कमी होतो.

छपराचंही तसंच. मंगलोरी कौलं या किनाऱ्यावर आली ती बाझल मिशनच्या कारखान्यातून. मंगळूरला तो कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला. त्याआधी घरावर नळे किंवा गवत असे. कौलारू खोली वारा खेळता ठेवते. तिच्यातून पालही डोकावते आणि वादळात कौलं उडतात हेही खरं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा घरांच्या छपरांचं आणि आंब्याच्या बागांचं अतोनात नुकसान झालं. त्यानंतर काही घरमालकांनी कौलं काढून पत्रा किंवा स्लॅब घातला तर त्यांना दोष देता येत नाही. पण ज्यांच्या खोलीवर कौलं टिकून आहेत, त्यांनी ती जपावीत. खाली फळ्यांची तक्तपोशी केली की मे महिन्यातला ताव कमी होतो आणि वरून काही पडण्याची पाहुण्यांची भीतीही जाते. तक्तपोशी नको असेल तर दोन-तीन कौलांच्या जागी काचेची कौलं बसवावीत. सकाळी नऊच्या सुमाराला त्यातून उतरणारा उन्हाचा चौकोन जमिनीवरून सरकत पलंगापर्यंत जातो. लहान मुलं त्यात हात धरून बसतात. या खोलीला वेगळ्या शोभेची गरज राहत नाही.

पलंगापाशी आलं की शहरी आणि गावठी असा एक वाद सुरू होतो. स्प्रिंगची गादी की कापसाची? प्रामाणिक उत्तर असं की प्रवासाने आंबलेल्या पाठीला चांगली घट्ट गादी हवी आणि ती विकत घ्यायला संकोच करू नये. मात्र तिला जमिनीपासून वर, फळ्यांत फटी असलेल्या पलंगावर ठेवावं; बंद पेटीच्या पलंगात सामान ठेवता येतं, पण खालून वारा मिळत नाही आणि गादी सडते. फणसाच्या किंवा आंब्याच्या लाकडाचा पलंग गावचा सुतार करून देतो. फणसाचं लाकूड सुरुवातीला पिवळसर असतं आणि वर्षागणिक गडद होत जातं. त्याला झाकून टाकणारं चकचकीत पॉलिश मारलं तर ती सगळी मजा जाते.

उशी मात्र इथलीच असावी. सावरीचा कापूस! फाल्गुनात सावरीला तांबडी फुलं येतात आणि चैत्र-वैशाखात बोंडं तडकू लागतात. ती झाडावरच पूर्ण फुटली तर कापूस वाऱ्यावर जातो, म्हणून आधीच उतरवून टोपलीत, वर फडकं बांधून उन्हात ठेवावी लागतात. दुपारी फडक्याखाली बोंडं फुटल्याचा बारीक आवाज येतो. मग बिया वेगळ्या करायच्या, आणि हे काम दारं-खिडक्या लावून करायचं, कारण फुंकरेसरशी कापूस घरभर होतो. एका उशीला किती बोंडं लागतात ते एकदा हे काम केलेल्यालाच ठाऊक. पण त्या उशीवर डोकं टेकलेला पाहुणा सकाळी ‘ही कुठे मिळते?’ असं विचारल्याशिवाय राहत नाही. तिला धुता येत नाही. म्हणून दोन अभ्रे घालावेत, एक कायमचा आणि एक बदलायचा, आणि ऊन पडलं की उशी बाहेर काढावी. खोल्यांची संख्या वाढली की एवढं करणं जमत नाही, हेही खरं. अशा वेळी पाहुण्यांच्या एका खोलीत तरी सावरीची उशी ठेवावी आणि बाकी ठिकाणी धुता येणाऱ्या.

पांघरायला सोलापुरी चादर पुरते. कोकणात थंडी अशी जेमतेम पौषात. जाड रजई कपाटात नुसती ओल खाते. पायथ्याशी घरच्या जुन्या लुगड्यांची गोधडी घडी करून ठेवली की खोलीला रंगही येतो आणि पहाटेच्या गारव्याला उपयोगही होतो. या गोधड्यांचे टाके आजीच्या हातचे असतात, म्हणून काही घरांत त्या पाहुण्यांना द्यायला जीव होत नाही. मग देऊ नयेत. आपल्याला जपून ठेवावंसं वाटतं ते पाहुण्याच्या हवाली करून रोज त्यावर चहाचा डाग तर पडला नाही ना, हे बघत बसण्यात दोघांचंही सुख नाही.

आता टॉवेल. जवळपास प्रत्येक नव्या निवासात पलंगावर जाड पांढरा टॉवेल गुंडाळून ठेवलेला दिसतो, कधी त्याचा हंस केलेला. हॉटेलात तो चालतो, कारण तिथे तो रोज यंत्रात धुतला आणि वाळवला जातो. खाडीकाठच्या दमट हवेत सकाळी ओला झालेला असा टॉवेल संध्याकाळीही ओलाच असतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला वास येतो. याच तालुक्याच्या नावाने ओळखला जाणारा राजापुरी पंचा पिढ्यान् पिढ्या भटजींच्या खांद्यावर आणि विहिरीच्या काठावर वावरला आहे. पातळ सुती विणीचा, पांढरा, किनारीला रंगाची रेघ. अंग पुसून झालं की पिळायचा, झटकायचा, दोरीवर टाकायचा. वारा असेल तर समुद्रावरून फिरून येईपर्यंत वाळलेला. घडी केली तर मुठीत मावतो. पावसाळ्यात याच्यासारखं दुसरं वस्त्र नाही. पाहुण्याला दोन पंचे आणि एक नेहमीचा टॉवेल द्यावा, आणि पंचा कशासाठी ते एका वाक्यात सांगावं. अनेक जण जाताना दोन पंचे विकत मागतात.

पण खोलीची खरी परीक्षा होते ती न्हाणीत. इथे कंजुषी करणाऱ्याने बाकी खर्च केला नाही तरी चालेल. संडास खोलीला जोडून हवा, कमोड हवा, पाण्याची धार जोरात हवी, लादी निसरडी नको, आणि भिंतीला धरायला एक घट्ट दांडी हवी, कारण गणपतीला येणारे निम्मे पाहुणे साठीच्या पुढचे असतात. कपडे अडकवायला खुंट्या हव्यात, आणि त्या पितळेच्या किंवा लाकडाच्या. लोखंडी खिळा पंधरवड्यात पांढऱ्या शर्टावर गंजाचा डाग पाडतो. खिडकी उंचावर हवी आणि उघडी राहणारी हवी. बंद न्हाणी चार महिन्यांत काळी पडते. पाण्याचा हिशोब आधीच करून ठेवावा. किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचं पाणी एप्रिल-मेमध्ये खारट होतं, आणि नेमकी तेव्हाच घरं भरलेली असतात. पिण्याचं पाणी कुठलं आणि वापरायचं कुठलं हे पाहुण्याला आल्याआल्या सांगावं. आंघोळीचं पाणी कुणी गिझरचं देतं, कुणी सौर बंबाचं, पण मागच्या दारी तांब्याचा बंब अजून चालता असेल तर तो अडगळीत टाकू नये. वीज गेली की तोच कामाला येतो.

आणि वीज जाते. म्हणून उशाशी एक बॅटरी हवी. दिव्याचं बटण अंथरुणातून हाताला लागावं, एवढी साधी गोष्ट किती खोल्यांत विसरलेली असते! बटण दारापाशी, पलंग दुसऱ्या भिंतीशी, आणि मधला अंधार अनोळखी. मच्छरदाणीही हवी. तिला जुनाट समजून नुसत्या डास पळवणाऱ्या द्रवाच्या बाटल्या लावणाऱ्यांनी एकदा स्वतः त्या खोलीत झोपून पाहावं. किंबहुना खोली तयार झाल्यावर घरमालकाने आणि मालकिणीने एक रात्र तिथेच काढावी. नळ कुठे ठिबकतो, पंखा कुठल्या गतीला आवाज करतो, खिडकीतून अंगणातला दिवा थेट डोळ्यांवर येतो का, हे दुसऱ्या कुठल्याच रीतीने कळत नाही.

मग येते कडी. आतून लागणारी, हाताला घट्ट वाटणारी, आणि बाहेरून कुलूप घालता येईल अशी. एकटी प्रवास करणारी मुलगी आता कातळशिल्पं पाहायला येते, दोघी मैत्रिणी येतात, तान्हं मूल घेऊन जोडपं येतं. ही कडी नीट लागते की नाही, हे ही सगळी माणसं पहिल्यांदा बघतात. घरातल्या माणसांनाही थोडी सवय करावी लागते. ज्या घरात दारं दिवसभर उघडी असतात, तिथे बंद दारावर टकटक करून थांबणं हे आपोआप येत नाही. मुलांना ते शिकवावं लागतं. पाहुणा खोलीत आहे म्हणजे त्याला कंटाळा आला आहे असं नव्हे. तो कदाचित नुसता पडला असेल, आणि त्यासाठीच तो एवढा लांब आला असेल.

सजावटीचा विषय एवढ्या उशिरा आला, कारण त्याची जागा तीच आहे. किनाऱ्यावरच्या नव्या निवासांत भिंतीवर जहाजाचं चाक, प्लास्टिकचे मासे, दुकानातून आणलेले शंख असा एक थाट पसरला आहे. नाटे गावात समुद्र दारात आहे. त्याची नक्कल भिंतीवर टांगण्याची काय गरज? त्याऐवजी घरातलंच काही मांडावं. घासून लख्ख केलेली तांब्याची कळशी, बांबूची रोवळी, घर बांधलं तेव्हाचा एखादा जुना फोटो, त्यातल्या माणसांची नावं खाली लिहिलेली. फुलं ऋतूची असावीत. पावसात सड्यावरचा तेरडा आणि सोनकी, पुढे अबोली, चैत्रात सुरंगीचा वळेसर. सुरंगी असलेल्या खोलीत दुसरं कुठलंही सुगंधी द्रव्य फवारू नये.

आणि एक फळा असावा. त्यावर रोज सकाळी खडूने भरती-ओहोटीची वेळ लिहिलेली. किनाऱ्यावरच्या माणसाला यासाठी तक्ता लागत नाही: तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती, आणि ओहोटी दुपारी बाराच्या सुमाराला. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. हा हिशोब पाहुण्याला करून दाखवला की तो खूष होतो. पण फळ्याचं कारण करमणूक नव्हे. कोकणच्या किनाऱ्यावर दर सुट्टीत अनोळखी पाण्यात उतरून माणसं बुडाल्याच्या बातम्या येतात. खडकावर फोटो काढत असताना मागून भरती चढते आणि परतीची वाट पाण्याखाली जाते. कुठे उतरायचं नाही, हे स्पष्ट शब्दांत लिहिणं हे पाहुणचाराचंच काम आहे आणि ते चादरीच्या रंगाच्या कितीतरी आधी येतं.

कायद्याची बाजूही घरमालकाने समजून घ्यावी. केंद्राच्या ‘अतुल्य भारत’ निवास-न्याहारी योजनेत घरमालक कुटुंबासह त्याच घरात राहत असला पाहिजे आणि खोल्या सहापेक्षा जास्त नकोत, खाटा बारापेक्षा जास्त नकोत, अशी अट आहे. अट शहाणपणाची आहे, कारण सहाच्या पुढे गेलं की घरातलं माणूस पाहुण्याशी बोलेनासं होतं. परदेशी नागरिक राहिला तर त्याची माहिती चोवीस तासांच्या आत कळवावी लागते. जेवण विकायचं तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. आजकाल घराची जाहिरात फोनवरून जगभर करता येते. अशी घरं पाहुण्यांना मिळवून देण्याच्या धंद्यातली सगळ्यात मोठी कंपनीसुद्धा २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका भाड्याच्या घरात, बैठकीच्या खोलीत हवा भरलेल्या तीन गाद्या टाकून सुरू झाली होती. गणपतीतल्या ओटीवर यापेक्षा जास्त गाद्या असतात.

या सगळ्यात काम कुणाच्या अंगावर पडतं, हे बोलायलाच हवं. अभ्रे बदलणं, न्हाणी घासणं, पहाटे घावन घालणं, रात्री अकराला आलेल्यांना भात-आमटी गरम करून वाढणं. बहुतेक घरांत हे एकट्या बाईचं काम असतं. फोनवर नाव पुरुषाचं आणि कष्ट तिचे. ज्या घरांत हा व्यवसाय टिकला, तिथे कपडे धुवायला आणि स्वयंपाकाला गावातल्या आणखी एक-दोघींना पगारावर घेतलेलं असतं, खोलीच्या पैशांतला वाटा तिच्या नावावर जातो आणि सलग चार दिवस खोली भरली की पाचव्या दिवशी ती मुद्दाम रिकामी ठेवली जाते. खोलीलाही ऊन मिळतं आणि बाईलाही माहेरी जाऊन येता येतं. थकलेल्या माणसाच्या हातचं आदरातिथ्य पाहुण्याला लगेच कळतं. त्याला मग अवघडल्यासारखं होतं आणि तो उठून स्वतःचं ताट विसळायला जातो.

बंद खोली दिली म्हणून ओटी काढून घेऊ नये, हे या किनाऱ्यावरच्या प्रत्येक नव्या बांधकामाला सांगावंसं वाटतं. खर्च वाचवायला किंवा आणखी एक खोली निघावी म्हणून पडवी-ओटीला खिडक्या लावून ती आत घेतली जाते. मग पाहुणा खोलीतून बाहेर येतो तो थेट अंगणात किंवा गाडीत. त्याला बसायला जागाच राहत नाही. ओटीवर एक झोपाळा, एक बाक, चपला काढायची जागा आणि संध्याकाळी एक दिवा एवढं असलं की खोलीतला पाहुणा आपण होऊन बाहेर येतो, आणि समोरच्या आजोबांना मुसाकाजीच्या बोटींबद्दल विचारतो. उरलेली संध्याकाळ कुणालाच ठरवावी लागत नाही.

दिवाळीत तर ओटीशिवाय चालतच नाही. नरक चतुर्दशीला घर पहाटे चारला उठतं. बंब पेटतो, उटणं कालवलं जातं, तुळशीपुढे पणती लागते आणि डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडलं जातं. मग नव्या भाताचे पोहे: दह्यातले, दुधातले, गुळातले, तिखट, फोडणीचे. शेजारीपाजारी एकमेकांच्या ओटीवर पोहे खायला जातात. खोलीतल्या पाहुण्याला यासाठी उठवायचं की नाही, हा प्रश्न दरवर्षी पडतो. ज्या घरांना पाहुण्यांची सवय झाली आहे, तिथे आदल्या रात्री जेवताना विचारून ठेवतात. ज्याला उठायचं असेल त्याच्या दारावर साडेचारला टकटक होते आणि पंचा, उटण्याची वाटी, गरम पाण्याची बादली तयार असते. त्याच्यासाठीही एक कारीट आणून ठेवलेलं असतं. ज्याला झोपायचं असेल त्याच्या वाट्याचे पोहे झाकून ठेवतात आणि तो नऊला कडी काढून बाहेर आला की ओटीवर वाढतात.